शांत रुग्ण

सुवार्ता भोरे एका बाईच्या हाताला सलाईन जोडत होती, तेव्हा ती बाई ओळखीचं हसली.

"काल तुम्हीच आला होता ना सिस्टर? पोरीचं लग्न ठरल्याचं सांगितलं होतं मी तुम्हाला."

सुवार्ताने मान हलवली. पण तिला ती बाई आठवेना. चेहरा आठवेना, पोरगी आठवेना, लग्नही आठवेना. ती बाहेर आली. निम्मं आयुष्य नर्सिंगमध्ये काढलेल्या बाईला कालचा पेशंट आठवू नये याची तिला भीती वाटली. त्याहून जास्त भीती याची वाटली, की गेल्या काही महिन्यांत हे रोजचंच होऊन बसलं होतं.

"तिसरा मजला, खोली सात," कानात आवाज आला. ती निघाली.

मिरजेच्या तारळकर रुग्णालयात 'समतोल' बसवून वर्ष होऊन गेलं होतं. प्रत्येक पेशंटच्या छातीवर एक पातळ पट्टी चिकटवलेली असे. नाडी, श्वास, ताप, रक्तातला प्राणवायू, माणूस किती हलतो, किती पडून राहतो, हे सगळं ती पट्टी सतत कळवत राही. नर्स पेशंटला बघून आली की जे दिसलं ते ती दोन वाक्यांत बोलायची, तेही समतोलकडे जाई. लाखो जुन्या पेशंटांच्या माहितीवर शिकलेली ही यंत्रणा त्यावरून एकच अंदाज सतत बांधत राहायची: पुढच्या काही तासांत या माणसाची तब्येत बिघडण्याची शक्यता किती? शक्यता मोठी असेल तर तो बेड लाल, मध्यम असेल तर पिवळा. अगदी कमी असेल तर तो रुग्ण 'शांत'. मग हजर असलेल्या नर्सना ती लाल बेडांकडे वळवायची. प्रत्येकीच्या कानात एक छोटं यंत्र असे आणि त्यातून बायकी आवाजात हुकूम येई. नर्स त्या आवाजाला 'बाई' म्हणायच्या. "बाई बोलावतेय," म्हणायच्या आणि हातातलं काम आवरून पळायच्या.

समतोल वाईट होतं असं सुवार्ताही म्हणाली नसती. झटका यायच्या आधी हृदयरोगी लाल झालेले आणि त्यामुळे वाचलेले तिने स्वतः बघितले होते. पण समतोल आलं आणि वॉर्ड गेले. पूर्वी स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात सुवार्ता आणि तिच्या जोडीदारणी ठरलेले बेड सांभाळायच्या. ड्यूटी बदलताना आलेली नर्स आणि जाणारी नर्स प्रत्येक बेडपाशी उभ्या राहून बोलायच्या. या जेवत नाहीत, यांचा पाय कालपेक्षा सुजलाय, या आज गप्प आहेत. आता कुठलीही नर्स कुठल्याही मजल्यावर कुणाकडेही जायची. कुणी निवृत्त झाली, कुणी सोडून गेली, तर तिची जागा भरली जात नसे. आहेत तेवढ्यांत समतोल भागवत होतं आणि विश्वस्तांना तेच हवं होतं.

अशा वेळी मार्थाअक्का तिथे भरती झाल्या.

मार्था म्हणजे सुवार्ताच्या नवऱ्याची, जयवंतची, थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, आणि भावाच्या संसारात सुवार्ताचं एकही काम तिला कधी पसंत पडलं नाही. चहा फिका, भाकरी जाड, पोरांना शिस्त नाही. सुवार्ताही तिला जेवढ्यास तेवढं बोलायची. मार्थाच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा मात्र ती सुवार्ताला म्हणाली, "तुमच्याच दवाखान्यात करू. तू आहेस तिथे."

सुवार्ता म्हणाली, "वन्सं, मला तुमच्याकडे येता येणार नाही. नात्यातल्या पेशंटकडे आम्हाला जाऊ देत नाहीत."

"येऊ नकोस. पण आहेस ना."

ऑपरेशन नीट झालं. गाठ काढून आतड्याची दोन टोकं जोडली. मार्था दुसऱ्या मजल्यावर शांत पडून होती. कधी बेल दाबत नसे, दुखतंय म्हणत नसे. समतोलच्या नकाशावरही ती शांत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत जयवंतचा फोन आला. सुवार्ता तेव्हा तिसऱ्या मजल्यावर होती. समोर मोटरसायकलच्या अपघातातला एक तरुण होता. त्याच्या छातीत नळी होती आणि त्याचा बेड लाल होता. त्याला सोडून हलू नकोस, असं बाईने तिला दोनदा सांगितलं होतं.

"अक्का नीट बोलत नाहीये," जयवंत म्हणाला. "नुसती झोप येते म्हणते. मघाशी मला आई म्हणून हाक मारली."

"सिस्टर बघून गेल्या?"

"आत्ताच गेल्या. ऑपरेशननंतर असं होतं म्हणाल्या. सकाळी वेगळ्या होत्या. काल तर आणखी वेगळ्याच."

सुवार्ताच्या लक्षात आलं. मार्थाकडे रोज कुणीतरी जात होतं, पण जी जात होती ती तिला पहिल्यांदाच बघत होती. थोडी झोपाळू बाई दिसली की तिला वाटायचं, ही अशीच असेल. पुढच्या वेळी दुसरी यायची, तिला आणखी झोपाळू बाई दिसायची आणि तिलाही तसंच वाटायचं. काल आणि आज यांतला फरक बघायला काल आणि आज तेच डोळे लागतात. ते डोळे आता कुणाकडेच नव्हते.

तिने समन्वय कक्षाला बोलावलं. तिथे हेमांगी देवस्थळी बसायच्या. त्या पूर्वी सुवार्ताच्याच वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या, सुवार्ता त्यांच्या हाताखाली शिकली होती. आता त्या दिवसभर स्क्रीनसमोर असायच्या.

"मॅडम, दुसऱ्या मजल्यावर मार्था भोरे आहेत..."

"शांत आहेत त्या. माझ्यासमोर दिसतंय मला."

"मला पाच मिनिटं जाऊ द्या."

"तुमच्या नणंद आहेत त्या. नियम तुम्हाला माहीत आहे. आणि तुमच्यापुढचा मुलगा लाल आहे, सुवार्ता."

"मग दुसरं कुणी पाठवा."

"कोण आहे मोकळं? तुम्हीच सांगा." हेमांगीबाईंच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "समतोलने सांगितलं की पाठवते."

सुवार्ताने त्या तरुणाकडे बघितलं. त्याचे ओठ कोरडे होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याशी खळी पडत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. मार्था नुसती दमलेली असेल. आपण तिकडे जाऊ, ती हसेल, म्हणेल इतकं काय पळत आलीस, आणि तेवढ्यात इकडे या पोराचा श्वास अडकेल. किंवा आपण इथेच उभं राहू आणि संध्याकाळी जयवंतचा पुन्हा फोन येईल. आपण घाबरलोय आणि घाबरल्यामुळे आपल्याला नीट विचार करता येत नाहीये, हेही तिला कळत होतं.

दारातून रुखसार मुल्ला भराभर जाताना दिसली. रुखसार तरुण नर्स होती, कामाला तडफदार.

"रुखसार, इथे थांब. या पोराला सोडू नकोस. मी आले."

"भोरे सिस्टर, पलीकडच्या खोलीत कोरे आप्पांनी बेल दाबलीय. त्यांना बाथरूमला न्यायचंय. बाई सारखी सांगतेय."

"त्यांना म्हणावं थोडं थांबा. थांबतील ते."

रुखसारने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती आत आली. सुवार्ता जिन्याकडे धावली. कानात बाई म्हणत होती, "आपण नेमून दिलेली जागा सोडली आहे. कृपया परत जा." त्या आवाजात धमकी नव्हती, समजावणीच होती. म्हणूनच तो जास्त भीतीदायक वाटत होता. जिना उतरताना सुवार्ताला दोन्हीकडून ओढल्यासारखं होत होतं.

मार्था डोळे मिटून पडली होती. जयवंत तिचा हात धरून बसला होता.

"वन्सं," सुवार्ताने हाक मारली. मार्थाने डोळे उघडले, पण नजर तिच्यावर ठरेना. कपाळाला घाम होता आणि हात बर्फासारखे होते. सुवार्ताने चादर बाजूला करून पोटावर हात ठेवला. पोट कडक लागलं. नुसत्या हाताच्या दाबाने मार्था कण्हली. पूर्वी कधीच तिने कण्हून दाखवलं नव्हतं.

"काय झालंय?" जयवंतने विचारलं. सुवार्ताने सर्जन विभावरी घाटगे यांना फोन लावला.

डॉक्टर घाटगे लगेच आल्या. त्यांनी पोट तपासलं, पट्टीवरची नाडी बघितली आणि मार्थाच्या जुन्या गोळ्यांबद्दल विचारलं. हृदयासाठी ती एक गोळी घ्यायची. ती गोळी नाडी वाढू देत नाही. "जोड सुटलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आत विष पसरतंय. नाडी एव्हाना पळायला हवी होती, पण ती गोळी तिला धरून ठेवतेय."

समतोलला त्या गोळीची माहिती होती. त्याने त्यासाठी सूटही धरली होती. पण नाडी सांगत नसेल तर नर्सनी सांगायचं होतं, आणि त्यांनी सांगितलेलं डॉक्टरांनी तिथेच लावून ऐकलं. पहिला आवाज: "थोड्या झोपाळू आहेत, हाकेला ओ देतात." दुसरा: "झोपाळू आहेत, दमल्यात." तिसरा: "झोपेत आहेत, कूस वळवून दिली." तिन्ही आवाज काळजी घेणाऱ्या बायकांचे होते आणि तिघींनीही खरं तेच सांगितलं होतं.

मार्थाला पुन्हा ऑपरेशनला आत नेलं. सुवार्ता थिएटरबाहेरच्या बाकावर बसली. तेव्हा रुखसार आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो पोरगा ठीक आहे," ती म्हणाली. मग थांबली. "आप्पा एकटेच उठले. बाथरूमच्या दारात पडले. खुबा मोडला."

आत मार्था जगेल की नाही हे कळायचं होतं आणि बाहेर हे असं येऊन उभं राहिलं होतं. त्या क्षणी सुवार्ताला पळून जावंसं वाटलं, कुठेही, जिथे कुणी तिला सिस्टर म्हणून हाक मारणार नाही.

मार्था वाचली. शौचासाठी पोटाला पिशवी लागली, अंगातली ताकद गेली, पण वाचली.

चौकशीला विश्वस्त रणजित तारळकर स्वतः बसले. सुवार्ता, हेमांगीबाई, डॉक्टर घाटगे आणि समतोल बनवणाऱ्यांपैकी शंतनू केळुसकर हा इंजिनियर, एवढीच माणसं होती. शंतनू सालस होता. दोन रात्री झोपला नसावा असं दिसत होतं.

त्याने त्या दुपारचं सगळं स्क्रीनवर पुन्हा मांडलं. सुवार्ता जागेवर थांबली असती तर रुखसार आप्पांकडे गेली असती, आप्पा पडले नसते. मार्थाताई संध्याकाळपर्यंत लाल झाल्या असत्या.

"संध्याकाळी मी नुसती मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला आले असते," डॉक्टर घाटगे म्हणाल्या.

मग शंतनूने जुनी पद्धत लावून बघितली. आहेत तेवढ्याच नर्स, पण प्रत्येकीला ठरलेले बेड. त्यात मार्था आदल्या दिवशीच सापडत होती, आप्पा पडत नव्हते, पण अपघातातला तरुण दगावत होता, कारण त्याच्या नर्सकडे फार बेड होते. त्याने आणखी एक मांडणी केली. त्यात एक बाळंतीण गेली. आणखी एक केली. तो एकेक मांडणी करत राहिला आणि प्रत्येक वेळी कुठेतरी एक बेड मृत्यूच्या रंगाने काळा होत राहिला. फक्त जागा बदलायची. सुवार्ताला तिकडे बघवेना. एकामागून एक ओळखीच्या खोल्या होत्या त्या.

"नर्स किती लागतील हे समतोलला कधी विचारलंय?" हेमांगीबाई एकदम म्हणाल्या.

शंतनू वळला. "तो आकडा आपण देतो मॅडम. आहेत त्यांत भागव, असं सांगतो. त्यालाच तो ठरवायला कधी सांगितलं नाही."

"आज सांगा."

रणजितराव काही बोलायच्या आत शंतनूची बोटं चालली. उत्तर यायला थोडा वेळ लागला. समतोल यायच्या आधी होत्या त्याहूनही जास्त नर्स हव्यात, असं समतोलने सांगितलं. आणि त्याखाली, कुणी विचारलं नसताना, एक ओळ: शक्य तिथे त्याच नर्सने तोच रुग्ण पाहावा.

"हे या खोलीबाहेर जाणार नाही," रणजितराव म्हणाले. मग सुवार्ताकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या जागा सोडण्याबद्दल आम्हीही काही बोलणार नाही. कोरेंच्या घरच्यांना सांगितलंय की ते बेल न दाबता उठले. तुम्हीही तेच धरून चाला."

म्हणजे नोकरी राहणार होती. जयवंतच्या दुकानावर घर चालत नव्हतं, पोरं शिकत होती. सुवार्ता खाली मान घालून बाहेर पडली. जिन्यात तिला शंतनू भेटला. तो म्हणाला, "सिस्टर, मलाही भीती वाटतेय." एवढंच बोलून तो गेला.

सुवार्ता चार पावलं घराच्या दिशेने गेली आणि मग आप्पांच्या खोलीकडे वळली.

शिवलिंग कोरे झोपले होते. त्यांची मुलगी गौरव्वा उशाशी बसली होती. शिरोळकडच्या गावातली, शेतात राबणारी बाई.

"आमच्या आप्पानं बेल दाबली न्हाई म्हणत्यात," तिने कुणी विचारायच्या आतच सांगितलं. "माझा आप्पा तसला न्हाई. सांगितलेलं ऐकणारा माणूस हाय."

"दाबली होती," सुवार्ता म्हणाली. "नर्स त्यांच्याकडेच निघाली होती. मी तिला वाटेत थांबवलं. माझी नणंद खाली मरायला टेकली होती, म्हणून थांबवलं." मग तिने सगळंच सांगितलं. स्क्रीनवर काय दिसलं, समतोलने किती नर्स मागितल्या, साहेब काय म्हणाले, सगळं.

गौरव्वा ऐकत राहिली. सुवार्ताला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी आता जावा," गौरव्वा म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं न्हाई."

तिने तक्रार केली. सरकारी चौकशी आली, तेव्हा सुवार्ताने जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, आणि शंतनूने ती मांडणी पुन्हा करून दाखवली. सुवार्ताला आधी निलंबित केलं, मग परत घेतलं, त्यात पावसाळा सरला. त्या काळात तिने घरी शिकवण्या घेतल्या. रस्त्यात ओळखीचे डॉक्टर दिसले की ती दुसऱ्या बाजूने जायची. शेवटी रुग्णालयाला नर्स घ्याव्या लागल्या. समतोल राहिलं, पण वॉर्डही परत आले आणि बेडपाशी उभं राहून बोलणंही. नव्या मुली शिकत होत्या. सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी म्हणू शकलं नसतं.

मार्थाला हे सगळं जयवंतने हळूहळू सांगितलं. मग एका रविवारी चर्चहून आल्यावर सुवार्ताला म्हणाली, "कोरेंच्या घरी जायचंय मला."

"वन्सं, गौरव्वा दार उघडणार नाही."

"बाहेर उभी राहीन."

गौरव्वाने दार उघडलं. सुवार्ताशी ती बोलली नाही, पण पाणी दिलं. आप्पा सोप्यात कॉटवर बसले होते, शेजारी चालायचा स्टँड होता. त्याला धरून ते अंगणापर्यंत जात, त्यापुढे नाही. कोण कुठली माणसं आलीत हे मुलीने त्यांना सांगितलं नसावं. सुवार्ता उंबऱ्याजवळच थांबली. आत पाऊल टाकायचा तिला धीर होत नव्हता.

मार्था खुर्चीवर बसली. "मीही त्याच दवाखान्यात होते," ती म्हणाली. "तुम्ही पडलात त्याच दुपारी मी मरत होते. तुमच्याकडे यायची होती ती सिस्टर माझ्यामुळे अडकली."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "मग तुमच्यापाशी कोण आलं?"

"ही. माझी भावजय."

आप्पांनी मान वळवून दारात उभ्या असलेल्या सुवार्ताकडे बघितलं. सुवार्ताने मान खाली घातली.

"मला ती बेल वाजलेली ऐकू येत हुती, पर कोण येईना," आप्पा सावकाश म्हणाले. "वाटलं, सगळी मेली का काय हितली. लई भ्या वाटलं, म्हणून उठलो." त्यांनी स्टँडवर हात ठेवला. "बरं झालं. एकापाशी तरी कोणतरी हुतं."